टाकळा उपटण्यापूर्वी



गेल्या जूनअखेरीस तुमच्यापैकी काही जण जव्हार तालुक्यातल्या आपल्या वसतिगृहात श्रमदानाला आला होतात. आवारभर तण उगवले होते. ते उपटून टाका, असे मीच सांगितले. संध्याकाळी पाड्यावरची एक वारली आजी कुंपणाशी थांबली आणि म्हणाली, "बाई, भाजी फेकलीत की!"

तो टाकळा होता.

टाकळा कोणी पेरत नाही. पहिला पाऊस झाला की रस्त्याकडेला, उकिरड्यापाशी, मुरमाड पडीक जमिनीत तो आपोआप येतो. बी टणक कवचाचे, त्यामुळे सगळे एकदम रुजत नाही. काही मातीत पडून पुढच्या पावसाची वाट पाहते. पाल्याला उग्र वास असल्याने गुरे तोंड लावत नाहीत. म्हणून एकदा शिरला की चराऊ रान व्यापून टाकतो. शेतकरी त्याच्यावर चिडतो ते उगीच नाही. पण घरातली नागली संपत आलेली असते आणि नवे पीक लांब असते, तेव्हा चुलीवर हीच फुकटची भाजी असते. फुलापूर्वीचा कोवळा पाला खुडायचा, उकडून पिळायचा आणि कांदा-लसूण-मिरचीवर परतायचा. पुढे पाला जून व कडू होतो.

आजीने आणखी एक झाड दाखवले, आणि त्याच्यासाठीच मी आज बोलते आहे. कुंपणालगतचा कासविंदा. काही जण त्याला रानटाकळा म्हणतात, घोटाळा तिथेच होतो. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, टोके गोलसर. शेंग बारीक, लांब, बाकदार. कासविंद्याच्या जोड्या जास्त, टोके अणकुचीदार, शेंग चपटी, आणि झाड माणसाएवढे वाढू शकते. त्याचे बी विषारी. 2016 मध्ये ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात शंभराच्या आसपास मुले दगावली, बहुतेक आदिवासी. काहींना जपानी मेंदूज्वर होता. पण अनेक मृत्यूंमागे याच झाडाचे विष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. तिकडे त्याला बाणा चाकुंडा म्हणतात.

आपल्या वसतिगृहातली मुले त्याच कुंपणाशी खेळतात, आणि मुले शेंगा सोलून पाहतातच.

यंदा श्रमदानाला याल तेव्हा आजी पुढे चालेल. ती दाखवील तो कासविंदा शेंगा धरण्याआधी मुळासकट काढायचा. टाकळ्याला हात लावायचा नाही. दुपारच्या जेवणात त्याचीच भाजी असेल. थोडी कडवट लागते, आधीच सांगून ठेवते.