स्मारक आणि कलाकेंद्र
(काला अंब, पानिपत येथील भाषणाचा संपादित अंश)

१४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामाची स्मृती जपणाऱ्या या भूमीवर स्मारक उभारण्याची घोषणा महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या अर्थसंकल्पात केली. या खर्चाचा विचार करताना मला दादर आठवते.

‘आविष्कार’ या संस्थेने १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके केली. वास्तू भव्य नव्हती. जागा परवडणारी होती. मोठ्या नाट्यगृहाचे भाडे तिकीटविक्रीतूनच वसूल करावे लागते, म्हणून निर्माता जोखीम टाळतो. भाडे उतरले की अपयशाची किंमतही उतरते. तेथे घडलेले कलावंत पुढे व्यावसायिक रंगभूमीला आणि चित्रपटांना लाभले. त्याचा मोबदला मात्र छबिलदासच्या पदरी पडला नाही. अर्थशास्त्रात यास बाह्य लाभ म्हणतात. अशी केंद्रे बाजाराच्या भरवशावर टिकत नाहीत. ‘आविष्कार’लाही अखेर माहीमच्या महापालिका शाळेचा आसरा घ्यावा लागला.

पानिपत हे हातमागाचे शहर. विणकराच्या मुलीला नक्षीकाम दाखवायला, नाटक बसवायला येथे एक साधे, बिनभाड्याचे सभागृह हवे. पुतळ्याचा खर्च एकदाच होतो. सभागृहाच्या देखभालीची तरतूद दरवर्षी करावी लागते. आराखड्यात ती आधी दाखवावी, असा माझा आग्रह आहे.