चांदा शहराचे पहिले दर्शन

आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते. वणीहून घुग्घुसच्या रस्त्याने ती ओलांडली, की तास-दीड तासात मनुष्य चंद्रपुरास पोहोचतो. जुनी मंडळी या शहराला अद्यापि चांदाच म्हणतात. तेथील एका रेल्वे स्थानकाचे नाव तर आजही चांदा फोर्ट असेच आहे. इतक्या जवळ असूनही आमच्याकडील शेकडो कुटुंबांनी हे शहर पाहिलेले नाही. वाघ पाहण्यासाठी ताडोब्याला जाणारा प्रवासी शहरातून जातो खरा, पण मोटारीची काच खाली करण्याचीही तसदी घेत नाही. त्यास मी दोष देत नाही. मी स्वतः मास्तरकीच्या पहिल्या पंधरा वर्षांत मुलांच्या सहली दोनदा वेरूळला नेल्या आणि चांद्याला एकदाही नेली नाही.

अमेरिकेत बोस्टन म्हणून एक जुने शहर आहे. तेथे राहणाऱ्या माझ्या भाच्याने सांगितले, की नवख्या पाहुण्याला ऐतिहासिक स्थळे सापडावीत म्हणून रस्त्यावर तांबड्या विटांची एक रेघच आखलेली आहे. सुमारे अडीच मैल ती रेघ धरून चालावे, म्हणजे काही चुकत नाही. चांद्याला तशी रेघ कोणी आखली नाही. परंतु तिची गरजही नाही. शहराचा कोट हीच तेथील रेघ होय.

हा कोट सुमारे अकरा किलोमीटर घेराचा आहे. दंतकथा अशी, की खांडक्या बल्लाळशाह हा गोंड राजा अंगावरील व्रणांनी त्रस्त होता. शिकारीत तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातले पाणी त्याने प्राशन केले, आणि त्याचे व्रण बरे झाले. पुढे त्याच परिसरात एक ससा त्याच्या कुत्र्याच्या पाठीस लागलेला दिसला. ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेने राणीच्या सल्ल्यावरून कोट उठला. ससा कुत्र्याला पळवतो ही गोष्ट हिंदुस्थानात अन्य शहरांविषयीही सांगतात, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. कोट मात्र खरा आहे. पायाभरणी बल्लाळशाहाची आणि पूर्णता त्याच्या वंशजांची, असे मानतात.

कोटाला चार दरवाजे व पाच खिडक्या आहेत. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. दरवाज्यांवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे. सिंहासारखा एक पशू हत्तीवर पाय रोवून उभा आहे. पाहुण्याने आरंभ जटपुऱ्यापासून करावा, मात्र सकाळी आठाच्या आत. नंतर त्या कमानीखाली वाहनांची जी दाटी होते, तीत मान वर करून कोरीव काम पाहणे जिवावर बेतेल. मोसमाविषयी इतकेच सांगतो, की कार्तिक ते माघ उत्तम. वैशाखात दगड असे तापतात, की आमच्या वणीचे ऊनही सौम्य वाटावे.

तेथून अंचलेश्वराकडे वळावे. मंदिर झरपटेच्या काठी आहे आणि त्याच्या शेजारीच गोंड राजांच्या समाध्या आहेत. येथे घाई करू नये. त्यांतील सर्वांत भव्य समाधी बीरशाह राजाची. 1704 च्या सुमारास त्याचा वध झाला, आणि राणी हिराईने ती बांधविली. पत्नीसाठी पतीने बांधलेला ताजमहाल आपण शाळेत शिकतो. पतीसाठी पत्नीने बांधलेली ही वास्तू पाठ्यपुस्तकात नाही. पुढे हिराईने दत्तक पुत्राच्या नावे कित्येक वर्षे राज्य चालविले. महाकालीचे प्रसिद्ध मंदिरही तिनेच उभारले असे सांगतात. चैत्रात तेथे यात्रा भरते आणि नांदेडकडील व तेलंगणातील भाविक लोटतात. ज्यांना गर्दी मानवत नाही, त्यांनी तो महिना टाळावा.

याच समाध्यांपाशी घडलेला एक प्रसंग सांगणे मला भाग आहे. अखेर एका वर्षी मी सातवीची मुले चांद्याला आणली. वर्गात कोलाम व गोंड घरांतील मुले बरीच होती. बीरशाहाविषयी मी दोन वाक्ये बोललो आणि पुढे निघालो. इतक्यात मागून एकाने हाक मारली, “गुरुजी, हे राजे आमचेच ना? मग पुस्तकात का नाहीत?” मी त्यास म्हणालो, पुस्तक लहान आहे. उत्तर खोटे नव्हते, परंतु पुरतेही नव्हते; कारण पुस्तकाबाहेरचे कितीतरी मी वर्गात आवडीने सांगत असे. हे मात्र कधी सांगितले नव्हते, आणि सांगण्यासारखे मजजवळ फारसे काही नव्हतेही. त्या सुटीत मी गॅझेटियर आणून वाचले. वयाच्या चाळिशीत मास्तराने अभ्यासाला बसावे, याची तेव्हा लाज वाटली होती.

समाध्यांनंतर लालपेठेकडे जावे. प्रचंड दगडांतून कोरलेल्या मूर्ती तेथे उघड्यावर पडून आहेत. दहा तोंडांची दुर्गा, जिला लोक रावण समजतात; मासा, कासव, नंदी, असा तो संसार. सर्वांत मोठी मूर्ती सुमारे पंचवीस फूट लांब आहे. रायप्पा नावाच्या एका कोमटी व्यापाऱ्याने मंदिरासाठी त्या घडविल्या आणि मंदिर उठण्यापूर्वीच तो वारला, अशी कथा आहे. माझ्या मते चांद्यातील हे सर्वांत विलक्षण स्थळ होय.

पुढील इतिहास दुःखाचा आहे. 1751 मध्ये रघूजी भोसल्यांनी शेवटचा गोंड राजा नीळकंठशाह यास पदच्युत केले. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी कोट फोडून शहर घेतले, तेव्हा भोसल्यांचा किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. गोंडांच्या राजवाड्याच्या जागी आज जिल्हा कारागृह आहे. तेथेच 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबूराव शेडमाके यांना पिंपळाखाली फाशी दिले. आत सहसा जाता येत नाही. बाहेरूनच नमस्कार करावा. 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी ज्या भूमीवर धम्मदीक्षा दिली, ती दीक्षाभूमीही याच शहरी आहे. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, हे ध्यानात ठेवावे.

बल्लारपूरचा किल्ला आणि भद्रावतीची विजासन लेणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. एका दिवसात सर्व पाहीन म्हणणारा काहीच पाहत नाही.

कोटावर चालण्याविषयी थोडे. पूर्वी झाडोऱ्याने तट दिसेनासा झाला होता. 2017 पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी फावडी-घमेली घेऊन तो स्वच्छ करण्यास आरंभ केला, म्हणून आज बुरुजांवर पाय ठेवता येतो. जोडा मजबूत असावा, आणि भिंतीवर नावे कोरणारे चिरंजीव बरोबर असतील तर त्यांचा खिसा आधी तपासावा.

सातवीतला तो मुलगा आता स्वतः शिक्षक आहे. गेल्या पौषात त्याने आपल्या वर्गाची सहल चांद्यास नेली आणि मलाही आग्रहाने बरोबर घेतले. जटपुऱ्याखाली उभे राहून मुलांनी मला पाच खिडक्यांची नावे विचारली. मी बोटे मोजू लागलो: बगड, हनुमान, विठोबा, चोर. पाचवी काही केल्या आठवेना. “मसण खिडकी, गुरुजी,” तो म्हणाला, आणि मुलांना घेऊन पुढे चालू लागला.