विहारातली चर्चा बंद करू नका

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



वर्धापन दिनाला गोड बोलावे अशी रीत आहे. पण आज मी थोडे कडू बोलणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपल्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर मुलामुलींची चर्चा बसत असे, हे आपणा सर्वांना माहीत आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या आरक्षणात उपवर्गीकरण करता येईल असा निकाल दिला. त्या महिन्यात २१ तारखेला भारत बंदही झाला. साहजिकच आपल्या मुलांनी तोच विषय घेतला. एक मुलगा बाजूने बोलला, दुसरा विरोधात. तिसऱ्याने पहिल्याला 'गद्दार' म्हटले. कॉलरला हात गेला. रात्री मोबाईलच्या ग्रुपवर हातपाय तोडण्याची भाषा झाली. दुसऱ्या दिवशी आपण मोठ्या माणसांनी काय केले? सभागृहाला कुलूप लावले. एक ज्येष्ठ बंधू मला म्हणाले, "गुरुजी, हे पोट्ट्यायचं राजकारण विहारात कायले पाहिजे? वंदना करा अन् घरी जा."

त्यांची भीती खोटी नाही. आपण वऱ्हाडातली माणसे, आपण डोळ्यांनी पाहिले आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये खैरलांजीच्या हत्याकांडाच्या निषेधार्थ याच अमरावतीत लोक रस्त्यावर आले. प्रश्न न्यायाचा होता. पण दगडफेक झाली, पोलिसांचा गोळीबार झाला, एका तरुणाचा जीव गेला आणि संचारबंदी लागली. पुढे वर्तमानपत्रांत खैरलांजीपेक्षा दगडांचीच चर्चा जास्त झाली आणि आपल्या माणसांच्या संतापाला नक्षलवादाचे नाव चिकटवले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावतीत दोन दिवस दंगल झाली. जून २०२२ मध्ये एका औषध दुकानदाराचा मोबाईलवरच्या मजकुरावरून चाकूने खून झाला. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात एका पोस्टवरून दंगल झाली आणि त्यातही एक माणूस गेला. तेव्हा ज्या आईबापांना वाटते की आपल्या पोराने या भानगडीत पडू नये, त्यांना मी दोष देत नाही.

परंतु बंधूंनो, कुलूप लावल्याने काय होते तेही पाहा. मुंबईत १९८९ साली कॉलेजच्या निवडणुकीच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने साऱ्या महाराष्ट्रात थेट विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या नव्या कायद्यात त्यांची तरतूद झाली, २०१९ ला तारखा जाहीर झाल्या आणि पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे खून करणारे मोजके, आणि बोलण्याची, हरण्याची, जिंकण्याची शिकवण गमावली ती पिढ्यान्‌पिढ्या लाखो मुलामुलींनी. हिंसा करणाराला हेच तर पाहिजे असते. त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून तो बोलणाऱ्याचे तोंड बंद करतो. मग आपणही कुलूप लावून त्याचेच काम का करावे?

आता तथागतांकडे वळू. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी हकीकत सांगितली आहे, ती आपल्या मुलांना पाठ पाहिजे. सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद झाला. आठ वर्षांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात मारामारी झाली. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. अठ्ठावीस वर्षांचा तरुण भर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, आधी चूक कोणाची ते शोधा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी तंटा मिटवावा. मतदान झाले. सिद्धार्थ हरला, तेही प्रचंड बहुमताने. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला, तेव्हा त्याने स्पष्ट नकार दिला. कुटुंबावर बहिष्कार टाकू, जमीन जप्त करू, अशी धमकी मिळाली. त्याने ना शस्त्र उचलले, ना सेनापतीला शिवी दिली, ना आपले मत गिळले. शिक्षा मला एकट्याला द्या म्हणाला आणि परिव्राजक होऊन निघाला.

म्हणजे आपल्या धम्माची वाट एका तरुणाच्या सभेतल्या मतभेदातून निघते. मग राजकीय चर्चा विहारात नको असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

आणि अमरावतीचेच पाहा. १३ नोव्हेंबर १९२७ ला इथल्या इंद्रभुवन थिएटरात अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. थोरले बंधू बाळाराम वारल्याची बातमी त्यांना त्या परिषदेतच कळली. तरी त्यांनी परिषदेचे काम सोडले नाही. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावले की, आता सनदशीर मार्ग मोकळा असताना रक्तपाताचा मार्ग आपण सोडलाच पाहिजे. संविधानाच्या कलम १९ ने एकत्र जमण्याचा हक्क दिला, पण शांततेने आणि शस्त्राविना. हक्क आणि अट दोन्ही एकाच वाक्यात आहेत.

तरुण मित्रांनो, आता तुम्हाला सांगतो, आणि माझी चूक सांगून सांगतो. १९७८ ला नामांतराचे दिवस होते, मी कॉलेजात होतो. एका सभेत माझ्या मित्राने वेगळे मत मांडले. मी उठून त्याला 'विकला गेलेला' म्हटले. टाळ्या पडल्या. तो पुन्हा कधी सभेला आला नाही. आज त्याचे मत काय होते ते मला आठवत नाही, कारण मी ऐकलेच नव्हते. फक्त टाळ्या आठवतात. बाप्पा, त्या टाळ्यांची अजून लाज वाटते.

म्हणून तुमच्यापुढे आणि समितीपुढे माझ्या चार सूचना आहेत. पहिली, मुद्द्याला उत्तर द्या, माणसाला नाव ठेवू नका. 'गद्दार' हा शब्द उच्चारला की चर्चा मेली. दुसरी, मोबाईलवर आलेली बातमी कोणी, कुठून पाठवली ते विचारल्याशिवाय इथे मांडू नका. ऐकले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे. तिसरी, ज्याने मारण्या-तोडण्याची भाषा काढली त्याचे त्या दिवसाचे बोलणे थांबवा. पण पुढच्या रविवारी त्याला घरून बोलावून आणा. त्याला बाहेर ठेवले तर चौकात त्याला जवळ घेणारे दुसरेच बसले आहेत. आणि चौथी, दर रविवारी दोन ज्येष्ठांनी बसावे, एक पुरुष आणि एक बाई. भाषण द्यायला नाही, ऐकायला. आरडाओरडा सुरू झाला की सर्वांत आधी मुली उठून जातात, हे मी पाहिले आहे. मुली शेवटपर्यंत बसल्या तर समजा चर्चा नीट झाली.

आणि कोणी खरोखर धमकी दिली, तर घाबरून घरात बसू नका. समितीने सोबत जाऊन पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार द्यावी.

अध्यक्ष महोदय, कुलपाची किल्ली आपल्याकडे आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर सभागृह उघडावे, एवढी नम्र विनंती करतो. मी स्वतः येऊन मागच्या सतरंजीवर बसेन आणि तोंड बंद ठेवीन. माझ्यासारख्या मास्तरला तेच जास्त कठीण आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!