खेळगडी शोधताना

बचत गटाच्या वतीने आम्ही इथे येतो ते बहुतेक वेळा हप्ते, व्याज, शेळ्यांचा विमा असलं काही सांगायला. आज खेळाबद्दल बोलणार आहोत. आणि त्याहून जास्त, खेळायला बायका कुठून मिळतात त्याबद्दल.

लहानपणी आपण सगळ्या भातुकली खेळलो. एक आई व्हायची, एक पाहुणी, एक दुकानदार. मोठ्या माणसांनी तसंच सोंग घेऊन खेळायचं ठरवलं तर जे होईल, तो हा खेळ. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ विक्रीला आला, भुयारं, राक्षस आणि खजिन्याचा. आता तशा तऱ्हेचे खेळ जगभर खेळतात, शहरातली कॉलेजची मुलंमुलीही खेळतात. आमच्याकडे तो गटातल्या एका वहिनींच्या मुलीबरोबर आला, ती पुण्याला शिकते. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ, असं ती म्हणाली. आमच्याकडे टेबल नाही, सतरंजी आहे.

एक जण गोष्ट सांगते. बाकीच्या चौघी एकेक पात्र होतात. आमच्या गोष्टीत एक दुष्काळी गाव आहे आणि कुठेतरी बुजलेली जुनी बारव आहे, ती शोधायची. कुणी मेंढपाळीण आहे, कुणी सुईण, कुणी कुंभारीण. सांगणारी म्हणते, "पायऱ्यांवर मोठी धोंड आडवी पडलीय, काय करता?" मेंढपाळीण म्हणते, "काठी घालून उचकटते." मग दोन फासे टाकायचे. बेरीज सात किंवा जास्त आली की धोंड हलली. हिशेब केला तर ३६ पैकी २१ वेळा जमतं. जिच्या पात्राला त्या कामाची सवय आहे तिला एक जादा मिळतो, मग ३६ पैकी २६ वेळा. नाही जमलं तरी खेळ थांबत नाही. काठी मोडते, आवाजाने सावकाराचा माणूस जागा होतो, गोष्ट दुसरीकडे वळते. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. नवीन बाई हमखास विचारते, "मग खेळ कसला?" दोन डाव बसली की विचारत नाही.

लिहिता-वाचता आलंच पाहिजे असं नाही. पात्राच्या कागदावर आम्ही चित्रं काढतो, काठी, मडकं, औषधाची मुळी. बाकी सगळं बोलण्यावर चालतं.

आता खेळगड्यांचं. गटाच्या बैठकीत "कोण खेळणार?" असं सगळ्यांना मिळून विचारलं तर बायका एकमेकींकडे बघतात आणि पदर सावरतात. एकेकीला गाठून विचारावं लागतं, गिरणीवर, नळावर, अंगणवाडीच्या दारात. आणि नुसतं "या हो" म्हणून भागत नाही. गुरुवार, दुपारी दोन ते चार, समाजमंदिर, पाचजणींत एक जागा रिकामी आहे, असं नेमकं सांगावं लागतं. बाईला घरी सांगायला वेळ लागते, जागा लागते, आणि परत कधी येणार ते लागतं. कर्जाची बैठक म्हटली की घरचे सोडतात, कारण पैसा येतो. खेळायला जाते म्हटलं की ऐकावं लागतं, "या वयात?" पारावर दुपारभर पत्ते कुटणाऱ्यांना वय कुणी विचारत नाही, ते असो.

दुसरी अडचण फाशांची. फासे म्हटले की लोकांना जुगार आठवतो, आणि महाभारत ऐकलेल्या माणसाला तो आठवणारच. म्हणून आम्ही दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. पैसा, सुपारी, चहाची पैजसुद्धा लावायची नाही. आणि गटाची पैशाची पेटी आणि फासे एका खोलीत कधी ठेवायचे नाहीत. दार उघडं असतं. ज्याला शंका असेल त्याने येऊन बसावं. एकीचे सासरे येऊन बसले होते, बारव सापडेपर्यंत उठले नाहीत.

कुणाला बोलवायचं यावर आमच्यात मतं आहेत. काहींना वाटतं तोंडाळ बायका आधी घ्याव्यात, म्हणजे खेळ रंगतो. आम्हाला बहुतेकींना तसं वाटत नाही. गटात एक मावशी आहेत, कित्येक वर्षं बैठकीला येतात, सही करतात, पैसे मोजतात, बोलत नाहीत. त्या कुंभारीण झाल्या. सावकाराकडून बारवेच्या दाराची किल्ली मिळवायची होती. फासे पडले चार, म्हणजे काम फसलं. मावशी थांबेनात. "फसलं ते फाशांचं, माझं बोलणं राहिलंय," म्हणाल्या आणि सावकाराशी भांडतच राहिल्या. सांगणारीला शेवटी नवा प्रसंग काढावा लागला. पुढच्या महिन्यात कर्जाच्या यादीत आपलं नाव मागे का, हे त्यांनी बैठकीत विचारलं. खेळामुळे विचारलं की कसं, ते त्यांनाच माहीत.

सासू आणि सून एका सतरंजीवर नको, हे मात्र आमचं पक्कं मत आहे. दोघींना खेळायचं असेल तर वेगवेगळ्या दिवशी. नाहीतर सुनेचं पात्र दर वेळी धोंड उचलायला जातं आणि सासूचं पात्र सावलीत बसतं.

सध्या आम्ही पाचजणी आहोत. फेब्रुवारीत ज्वारीची काढणी निघेल, दोघी तरी रानात जातील. सांगणारी धरून चौघी असल्या तर खेळ चालतो, तिघींवर आला की रेंगाळतो आणि मग मोडतो. एकदा मोडला की घरून सुटलेली दुपार परत मिळवणं कठीण जातं. म्हणून आत्ताच दोघी-तिघी हव्या आहेत. गोष्ट सांगायला येईल अशी एखादी आजी मिळाली तर फारच बरं, कारण आमची सांगणारी पुण्याहून सुटीतच येते, एरवी आम्ही आळीपाळीने कशीबशी सांगतो.

तान्हं मूल असेल तर घेऊन या, आळीपाळीने सांभाळतो. घरात सोंगट्यांचे जुने फासे पडले असतील तर तेही आणा, आमचा एक उंदराने नेलाय. गुरुवारी दोन वाजता या. उशीर झाला तरी चालेल, तुमचं पात्र वाटेत ओढ्याला अडकलं होतं असं सांगू.