माल कुठून आला?



दीक्षान्त समारंभाला एक तर शास्त्रज्ञ बोलावतात, नाहीतर मंत्री. मी दोन्ही नाही. फरसाण, बिस्किटं, वेफर्स करणाऱ्या कारखान्यांसाठी तेल, मैदा आणि पुठ्ठ्याचे खोके विकत घेण्यात माझं नोकरीतलं आयुष्य गेलं. निमंत्रणपत्रिकेत मला ‘उद्योगक्षेत्रातील ज्येष्ठ’ म्हटलंय. खरं सांगायचं तर मी भाव पाडून मागणारा माणूस. आणि आज बोलायचंय वर्षावनांवर, म्हणजे विषुववृत्ताच्या आसपासच्या त्या घनदाट, बारमाही हिरव्या जंगलांवर. कुणी म्हणेल, याचा जंगलाशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. झाड तोडणारा कुऱ्हाड उचलतो त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी कुठेतरी खरेदीची ऑर्डर काढलेली असते. ती ऑर्डर माझ्यासारखे लोक काढतात. आता तुम्ही, आजचे स्नातक, काढणार.

आमच्याकडे पामतेलाचा टँकर येई तेव्हाचं काम सांगतो. थंडीच्या दिवसांत हे तेल गोठतं. रेशनच्या पामतेलाचा डबा ज्यांच्या घरी होता त्यांना ते पांढरं, रवाळ झालेलं तेल आठवत असेल. टँकर आला की आधी सॅम्पल काढायचं, वास घ्यायचा, रंग बघायचा, लॅबकडून आम्लतेचा आकडा येईपर्यंत ड्रायव्हरला चहा पाजायचा. मग कागद. कागदावर सगळं असे : जहाजाचं नाव, बंदर, टाकीचा नंबर, वजनकाट्याची पावती, सील तुटलंय की शाबूत. फक्त हे तेल ज्या फळातून निघालं ते झाड कुठे उभं होतं आणि त्या जागी त्याआधी काय होतं, यासाठी रकानाच नसे. अख्ख्या व्यवहारात कुणाला तो हवाच नव्हता.

भारत जगातला सर्वांत मोठा पामतेल आयातदार आहे. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतं आणि त्यात पामतेलाचा वाटा मोठा. जगातलं बहुतेक पामतेल दोनच देश पिकवतात, इंडोनेशिया आणि मलेशिया. हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. १८४८ साली डच लोकांनी जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात त्याची चार रोपं लावली. पुढे सुमात्रा आणि बोर्निओतली लाखो हेक्टर वर्षावनं या पिकाखाली गेली. तिथली बरीचशी जंगलं पीटवर, म्हणजे हजारो वर्षं कुजून साचलेल्या दलदलीच्या थरावर उभी होती. लागवडीसाठी चर खणून तिथलं पाणी काढून टाकलं की तो थर वाळतो आणि एकदा पेटला की जमिनीखालून धुमसत राहतो. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली. धुरामुळे शेजारच्या सिंगापूरला शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आता तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, ठरलं, उद्यापासून पामतेल बंद. थांबा. एक हेक्टर पामच्या बागेतून वर्षाला साडेतीन टनांच्या आसपास तेल निघतं. तेवढ्याच जमिनीत सोयाबीन घेतलं तर तेल निघतं जेमतेम अर्धा टन. म्हणजे सगळ्यांनी पाम सोडून सोया धरलं तर तेवढ्याच तेलासाठी कित्येक पट जमीन लागेल, आणि सोयाबीन ब्राझीलमध्ये काय करतं ते पुढे सांगतोच. शिवाय पामतेल हे गरिबाचं तेल आहे. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला : एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. ज्या घराने त्या तेलात करंज्या तळल्या, त्या घराला सुमात्रा-बोर्निओतल्या ओरांगउटान वानरांची गोष्ट ऐकवायला मी जाणार नाही. तुम्हीही जाऊ नका. ज्यांना निवड करता येते त्यांनीच आधी निवड करावी.

घरातली पहिली निवड मात्र अगदी साधी आहे. आपण तेल फार खातो. आरोग्यखात्याचे तज्ज्ञ माणशी वर्षाला बारा किलो पुरे म्हणतात, आपण एकोणीस-वीस किलोवर पोचलोय. मी कोल्हापूर भागात वाढलेला माणूस, तर्रीशिवाय मिसळ मला अपमान वाटतो, तरी सांगतो : फोडणीचं पळीभर तेल निम्म्यावर आणलं तर डॉक्टर खूश, खिसा खूश, आणि सुमात्राचं काही बिघडत नाही. दुसरं, पाकीट उलटं करून वाचायची सवय. आपल्या कायद्यात नुसतं ‘खाद्यतेल’ लिहून भागत नाही, कोणतं तेल ते लिहावं लागतं. बिस्किट, नूडल्स, आइस्क्रीमच्या नावाखाली विकलं जाणारं फ्रोझन डेझर्ट, सगळीकडे ‘पामोलिन’ सापडेल. साबणात आणि शॅम्पूत तर ते वेगवेगळ्या रासायनिक नावांच्या बुरख्याआड असतं, तिथे माझीही मती गुंग होते. २००४ साली स्थापन झालेली ‘राउंडटेबल ऑन सस्टेनेबल पाम ऑइल’ नावाची संस्था जंगल न तोडता पिकवलेल्या तेलाला प्रमाणपत्र देते. त्या प्रमाणपत्रावर टीका पुष्कळ झाली आहे आणि त्यातली बरीचशी रास्त आहे. पण ज्या व्यवहारात रकानाच नव्हता, त्यात निदान रकाना तरी आला.

फोन चार वर्षं वापरा, प्रिंट दोन्ही बाजूंनी काढा, सागवानी फर्निचर जुन्या बाजारातून घ्या, हे तुम्हाला शाळेपासून सांगितलंय. करा. त्यावर मी वेळ घालवत नाही, कारण मला जे सांगायचंय ते ब्राझीलचं आहे.

अॅमेझॉनच्या जंगलाचा सुमारे साठ टक्के भाग ब्राझीलमध्ये. तिथे जंगल जातं मुख्यतः गुरांच्या कुरणांसाठी, आणि सोयाबीनसाठी. हे सोयाबीन बहुतांशी परदेशातल्या कोंबड्या-डुकरांना खाऊ घातलं जातं. १९८८च्या डिसेंबरात शापुरी गावी शिको मेंडिस या रबराचा चीक काढणाऱ्या कामगारांच्या पुढाऱ्याला त्याच्या घराच्या मागच्या दारात गोळी घालून मारलं. जंगल तोडू देत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. जगभर हळहळ झाली, तोड काही थांबली नाही. २००४ साली एका वर्षात ब्राझीलच्या अॅमेझॉनमधलं सत्तावीस हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल गेलं. आपले रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड हे तिन्ही जिल्हे एकत्र केले तरी एवढं क्षेत्र भरत नाही.

त्यानंतरच्या आठ वर्षांत हा आकडा साडेचार हजारांवर आला. कसा? याचं उत्तर मला खरेदी खात्यातला माणूस म्हणून फार आवडतं. त्यातल्या पहिल्या काही वर्षांत मरीना सिल्वा पर्यावरणमंत्री होत्या, स्वतः रबर कामगाराच्या घरातल्या, मेंडिसच्या सहकारी, सोळाव्या वर्षी लिहायला-वाचायला शिकलेल्या. संरक्षित क्षेत्रं वाढवली, छापे घातले, ते झालंच. पण त्याबरोबर काही अगदी रटाळ कामं झाली. तिथल्या अंतराळ संशोधन संस्थेत संगणकासमोर बसलेल्या मुलामुलींनी उपग्रहाची चित्रं तपासून कुठे नवी तोड झाली ते तातडीने कळवायला सुरुवात केली. २००६ साली सोयाबीनच्या बड्या व्यापाऱ्यांनी ग्राहकांच्या दबावाखाली ठरवलं, यापुढे नव्याने तोडलेल्या जंगलातलं सोयाबीन घ्यायचं नाही. आणि २००८ साली सरकारने नियम केला की अॅमेझॉन भागात शेतीकर्ज हवं असेल तर जमिनीची मालकी आणि पर्यावरणाचे नियम पाळल्याचे कागद दाखवा.

आता जरा तो बँकेतला कारकून डोळ्यांसमोर आणा. समोर बूट घातलेला धिप्पाड जमीनदार. कारकून म्हणतो, साहेब, हा एक कागद कमी आहे. बस, एवढंच. त्याने झाडाला मिठी मारली नाही, मोर्चा काढला नाही, पाच वाजता डबा उचलून घरी गेला. पण त्या दिवशी कर्ज सुटलं नाही, आणि कर्ज नाही तर बुलडोझरला डिझेल नाही.

हे यश कायमचं नव्हतं, हेही सांगायला हवं. सरकार बदललं, छापे ढिले पडले आणि २०२१ साली तोड पुन्हा तेरा हजार चौरस किलोमीटरवर गेली. सिल्वाबाई २०२३ मध्ये परत मंत्री झाल्या, २०२४ पर्यंत आकडा पुन्हा निम्म्याखाली आला. युरोपीय संघाने २०२३ साली कायदाच केला : कॉफी, कोको, रबर, पामतेल, सोया, लाकूड आणि गुरांपासूनचा माल ज्या जमिनीवर तयार झाला तिचे अक्षांश-रेखांश द्या. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, कुरकुर सगळीकडून आहे. पण कोडगूच्या कॉफीमळ्यांपर्यंत त्याची झळ पोचलीय. माझ्या वेळी नसलेला रकाना आता छापील फॉर्मात येतोय, आणि तो भरणारे तुम्ही असाल.

इथे बसलेल्या फूड टेक्नॉलॉजीवाल्यांना हे थेट लागू आहे. कॉमर्सवाल्यांना तर जास्तच, कर्जाची फाईल तुमच्याच टेबलावर येणार. कायद्याचे पदवीधर करारात एक कलम घालू शकतात. जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशाशास्त्र, शिकलेल्या मुलांना काय करायचं ते ब्राझीलच्या मुलांनी दाखवलंय. मराठी वाङ्मयवाले हसतायत, पण जाहिरातीत ‘निसर्गस्नेही’ असं लिहिण्याआधी ‘म्हणजे नक्की काय?’ हा प्रश्न तुम्हीच विचारायचाय.

आपल्या दारातलंही थोडं बोलतो, नाहीतर म्हणाल सगळं सातासमुद्रापलीकडचं. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आंबोली, तिलारीकडे जे सदाहरित आणि निमसदाहरित जंगल उरलंय ते वर्षावनांच्याच कुळातलं. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे-हेवाळे भागात देवराईच्या आत रानजायफळाची दलदल आहे. झाडांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येऊन श्वास घेतात. देवाची म्हणून कुणी तिला हात लावला नाही, म्हणून ती राहिली. आजूबाजूला रबराच्या आणि अननसाच्या बागा आल्या. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाला सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई करावी लागली.

कोकणातलं बरंचसं जंगल खाजगी मालकीचं आहे, हे शहरातल्यांना ठाऊक नसतं. मुलाचं शिक्षण, मुलीचं लग्न, घराचा पत्रा, अशा वेळी मालक डोंगराचा तुकडा लाकूडव्यापाऱ्याला उक्ता देऊन टाकतो. त्याला दोष देणं सोपं आहे. संगमेश्वर भागात पुण्याच्या एका संस्थेने वेगळी वाट काढली : बेहड्याच्या ज्या मोठ्या झाडांवर धनेश घरटं करतो, त्या झाडांची फळं नीट गोळा करून, फेअरवाइल्ड हे प्रमाणपत्र मिळवून औषधी चहा करणाऱ्या परदेशी कंपनीला विकायची. झाड उभं ठेवूनही दरवर्षी पैसा येतो म्हटल्यावर मालकाचा हिशेब बदलतो. आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली तर तुमच्या बेहड्याला असा कागद आहे का, ते पाहा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण उद्यापासून तुम्हाला नोकरी टिकवायची आहे. पहिल्याच आठवड्यात साहेबांना वर्षावनांवर व्याख्यान देऊ नका. प्रोबेशन संपू द्या. मग एखाद्या पुरवठादाराबरोबर बैठक असेल, भाव ठरलेला असेल, तो बॅग आवरत असेल, तेव्हा सहज म्हणा, ‘माल कुठल्या मळ्यातला, ते एका ओळीत मेल करा ना.’ तो म्हणेल, आजवर कुणी विचारलं नाही. तुम्ही म्हणा, ऑडिटवाले मागतात. ऑडिटच्या नावाने आपल्याकडे काहीही मागता येतं. मेल आला की फाईलला लावा, नाही आला तर पुढच्या ऑर्डरच्या आधी पुन्हा मागा. तोवर दुसऱ्या पुरवठादाराचंही कोटेशन मागवून ठेवा.