मुलाच्या वाट्याला एकच ओळ नको



संमतीने घटस्फोटाचा एखादा अर्ज उघडून बघावा. पोटगी, दागिने, फ्लॅट, मागे घ्यायच्या फिर्यादी यांनी पानं भरलेली असतात. मूल येतं शेवटी, एका ओळीत: ‘ताबा आईकडे राहील, वडिलांना भेटीचा हक्क राहील.’ भेट कधी, कुठे, ने-आण कोणी करायची, ऐनवेळी ताप आला तर काय, याचा पत्ता नसतो. पुढची भांडणं नेमकी या न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात.

समजा, आई सोलापुरात आहे आणि वडील नोकरीसाठी पुण्यात. ‘शुक्रवारी संध्याकाळी सहा ते रविवारी संध्याकाळी सहा’ हे कागदावर छान दिसतं. पण पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस सुटतेच सहाच्या सुमारास. सोलापूर येईपर्यंत रात्रीचे दहा वाजतात, लेकरू झोपलेलं असतं. बाप दारात उभा, आजी म्हणते, “सकाळी या.” सोमवारी आदेशभंगाची तक्रार तयार! ‘शनिवारी सकाळी नऊला, आजीच्या घरून’ एवढं लिहिलं असतं तर ही तक्रार झाली नसती.

कायद्याची चौकट जुनी आहे. पालक व पाल्य कायदा १८९० चा, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं आणि पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, हे १९५६ च्या कायद्यात आहे. मात्र ते हित आठवड्याच्या सात दिवसांत कसं बसवायचं, हे दोन्ही कायदे सांगत नाहीत.

मे २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. आयोगाचे अध्यक्ष होते न्या. अजित प्रकाश शहा. त्यांची वकिली सुरू झाली ती सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात. संयुक्त ताबा, मध्यस्थी, पालकत्वाची लेखी योजना, आजी-आजोबांनाही नातवंडांचा सहवास, अशा शिफारशी अहवालात आहेत. मुलाचा खर्च अठराव्या वर्षापर्यंत, आणि न्यायालयाला योग्य वाटल्यास पंचविसाव्यापर्यंत द्यावा, असंही त्यात म्हटलं आहे. त्याचा कायदा झाला नाही. पण मुंबईच्या चाइल्ड राइट्स फाउंडेशनने मुलाच्या भेटी आणि ताब्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं आणि सोबत अशा पालकत्वाच्या योजनेचा नमुना तयार केला, तो उच्च न्यायालयाने राज्यातल्या कौटुंबिक न्यायालयांकडे पाठवला. म्हणजे नमुना हाताशी आहे.

शेजारच्या कर्नाटकात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका मुलाला सहा महिने वडिलांकडे आणि सहा महिने आईकडे ठेवलं. दोन्ही घरांतून एकच शाळा गाठता येत असेल तर हे जमतं. एक घर अक्कलकोटला आणि दुसरं पिंपरीला असेल तर नाही. लांब राहणाऱ्या पालकासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दुसरी वाट दाखवली: भेटीच्या हक्काबरोबर संपर्काचा हक्क, रोज पाच-दहा मिनिटं फोन किंवा व्हिडिओ कॉल. त्याचीही वेळ लिहावी, नाहीतर नेमका गृहपाठाच्या वेळी फोन वाजतो.

सोलापूरच्या योजनेत सोलापूर दिसलं पाहिजे. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला मूल कोणाबरोबर? दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असेल, तर पहिलं वर्ष कोणाचं? यंत्रमागावरच्या बापाची पाळी बदलली तर भेटीचा वार कसा बदलायचा, आणि ते किती दिवस आधी कळवायचं? शाळेची फी कोण भरणार, पालकसभेला कोण जाणार, पासपोर्टच्या अर्जावर सही कधी करायची? प्रश्न किरकोळ वाटतात, पण यातल्या एकेकासाठी पुढे तारखांवर तारखा पडतात.

एक इशारा. जिथे मारहाण झाली आहे तिथे ‘दोघांनी मिळून ठरवा’ असा आग्रह धरू नये. तिथे मुलाची देवघेव न्यायालयात किंवा तिसऱ्या विश्वासू माणसासमोर व्हावी आणि पालकांना समोरासमोर यावं लागू नये.

संमतीने घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये दोन अर्जांच्या मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे. ती माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं; मात्र पोटगीबरोबर मुलाच्या ताब्याचाही प्रश्न खऱ्या अर्थाने मिटलेला हवा. तेव्हा योजना नीट लिहिणं पक्षकाराच्याही फायद्याचं आहे. या सभागृहातल्या प्रत्येक वकिलाला विनंती आहे: यापुढे मूल असलेल्या जोडप्याचा संमतीचा अर्ज योजना जोडल्याशिवाय दाखल करू नका, आणि दर जूनमध्ये, शाळा सुरू होताना, ती दोघांकडून पुन्हा तपासून घ्या.