दुसरी भेट

हिंसेचा मार सोसलेले मूल आपणहून समुपदेशकाकडे येत नाही. ते पोटदुखीची तक्रार घेऊन आरोग्य केंद्रात येते, वर्गात मागच्या बाकावर सरकते, रात्री अंथरूण ओले करू लागते किंवा धाकट्या भावाला विनाकारण बडवते. घरच्यांना हे दिसते, पण त्याचा संबंध मारहाणीशी किंवा अत्याचाराशी जोडला जातोच असे नाही. जोडला गेला तर ‘बोभाटा नको’ म्हणून झाकला जातो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुले होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला, आणि छळणाऱ्यांत निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे वा विश्वासातले होते. छळणारा ज्या घरात उठतो-बसतो, त्याच घराने मुलाला उपचारासाठी घेऊन यावे, ही अपेक्षा भाबडी आहे. उपचारानेच मुलाकडे जायला हवे.

पहिली भेट घडण्याच्या वाटा आता बऱ्याच आहेत. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार पोलिसांनी मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. २०२० च्या नियमांप्रमाणे बालकल्याण समिती मुलाला ‘सपोर्ट पर्सन’ देऊ शकते; तपासात आणि खटल्यात ही व्यक्ती मुलाच्या सोबत राहते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले ते मुख्यतः घरगुती हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी. पण लैंगिक अत्याचार झालेल्या मुलामुलींनाही रुग्णालयातच आधार मिळण्याची वाट त्यातून रुंदावली. रुग्णालयाची निवड शहाणपणाची होती, कारण दवाखान्यात जायला बाईला घरी वेगळी सबब सांगावी लागत नाही. अमेरिकेत ओकलंड शहरात १९९४ पासून गोळी लागलेल्या तरुणांच्या खाटेशीच कार्यकर्ते जाऊन बसू लागले. ते त्याच वस्त्यांतले असतात. मित्रमंडळी सूड घेण्याची भाषा बोलत असतात नेमकी त्याच वेळी ते तिथे पोहोचतात.

पहिली भेट अशी कुठून तरी होते. तुटवडा आहे तो दुसऱ्या भेटीचा.

योग्य वेळ आणि नंतरचा धीर यांचे महत्त्व घरी दही लावणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. कढत दुधात विरजण घातले तर ते मरते. दूध पार गार झाल्यावर घातले तर सकाळी पातेल्यात दूधच असते. दूध कोमट हवे. विरजण चमचाभर पुरते, मात्र पातेले झाकून एका जागी ठेवावे लागते, थंडीत फडक्यात गुंडाळावे लागते. आणि दही लागले का हे पाहायला दर तासाला ढवळायचे नसते.

घटनेनंतरचे पहिले दिवस कढत दुधाचे. ‘सगळे सांगून टाक, मन मोकळे होईल’ हा आग्रह मायेपोटी असला तरी चुकीच्या वेळचा असतो. लगोलग एका बैठकीत सगळे वदवून घेण्याच्या पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. तिच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत सांगितलेला मानसिक प्रथमोपचार तीन गोष्टींचा आहे : परिस्थिती पाहणे, ऐकणे आणि पुढच्या मदतीशी जोडून देणे. मूल बोलले तर ऐकावे. बोलले नाही तर जेवले का, झोपले का, घरात भीती कोणाची वाटते, एवढे कळले तरी पुष्कळ. प्रत्यक्षात मात्र मुख्याध्यापक विचारतात, मामा विचारतो, शेजारीण विचारते, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचे असते. पातेले दिवसभर ढवळले जाते. शेजारपाजारच्या काळजीला इथे थोडा आवर घालायलाच हवा.

पातेले एका जागी ठेवणे म्हणजे तोच कार्यकर्ता, तोच वार, तीच वेळ. दुसऱ्या भेटीत कॅरम होईल, चित्र होईल, कदाचित मूल घरातून बाहेरच येणार नाही आणि आईशीच बोलणे होईल. ती भेट वाया गेली असे वहीत लिहू नये. ‘हा माणूस परत आला’ एवढे मुलाला त्या दिवशी कळलेले असते. संस्थेचे नाव रंगवलेली गाडी मात्र दारात उभी करू नये. संध्याकाळपर्यंत गल्लीभर चर्चा होते. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये, कारण लैंगिक अत्याचार कळल्यावर तो कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

खरा उपचार यानंतरचा. जुडिथ कोहेन, अँथनी मॅनॅरिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी आघात झालेल्या मुलांसाठी बसवलेल्या उपचारपद्धतीत साधारण १२ ते १६ बैठका असतात. आधी श्वास आणि शरीर शांत करणे, मग भावनांना नावे देणे, पालकांबरोबर वेगळे काम. घडलेल्या प्रसंगाची कथा मूल सांगते ती मध्यावर, थोडी थोडी. हा क्रम पाहिला तरी एका भेटीत काय होऊ शकत नाही ते ध्यानात येते. तरीही शाळाशाळांतून एक दिवसाचे समुपदेशन शिबिर होते : फलक, हार, दोनशे मुले, सामूहिक छायाचित्र. त्यात एखादे मूल धीर करून बोललेच, तर पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाणार, हे कोणी ठरवलेले नसते. दुसऱ्या भेटीची तारीख ठरलेली नसेल, तर शिबिर घेऊ नये.

मारणारा मुलगाही पुष्कळदा मार खाल्लेला असतो. त्याची व्यवस्था बाल न्याय कायद्याखाली वेगळी आहे. तो विचार इथे केलेला नाही.

भेटी थांबवण्याचीही रीत आहे. कंत्राट संपले म्हणून समुपदेशक अचानक दिसेनासा झाला, तर मुलाला जुनाच अनुभव पुन्हा येतो. शेवटची भेट दोन-तीन भेटी आधी सांगावी, नवा माणूस येणार असेल तर एकदा दोघांनी मिळून जावे. निघताना दोन क्रमांक कागदावर लिहून द्यावेत : मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६. दुसऱ्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, आणि तो रात्रीही सुरू असतो.